सोमवार-गुरुवारचं एक लिटर

पत्र, थोडक्यात: चार मजल्यांच्या एका कार्यालयीन इमारतीतल्या ११० कुंड्यांची देखभाल मी तीन महिन्यांपूर्वी घेतली. माझा माणूस दर सोमवारी आणि गुरुवारी प्रत्येक कुंडीला एक लिटर पाणी घालतो, पानं पुसतो आणि पंधरा दिवसांनी २०:२०:२० हे विद्राव्य खत देतो. तरी प्रवेशद्वारापाशी ठेवलेल्या फायकसची पानं रोज झाडून काढावी लागतात. लिफ्टजवळचे स्नेक प्लांट बुंध्याशी मऊ पडून आडवे झाले, ड्रेसिनाची टोकं करपली आणि बैठकीच्या खोलीत चिलटं फिरतात. इमारतीचे व्यवस्थापक म्हणतात, पाणी कमी पडतंय, रोज घाला. माझा माणूस म्हणतो, हे सगळं एसीमुळे. महिनाभरात फरक दिसला नाही तर काम जाईल. काय करू?

उत्तर:

रोज पाणी घालायला लागलात तर उरलेली झाडंही जातील, म्हणून तेवढं आजच थांबवा. तुमच्या चार तक्रारींपैकी दोन, म्हणजे आडवे झालेले स्नेक प्लांट आणि चिलटं, सरळसरळ जास्त पाण्याच्या आहेत. ड्रेसिनाची टोकं पाण्यात विरघळलेल्या गोष्टींमुळे आणि तुमच्या खतामुळे करपली असावीत. फायकसचं मूळ दुखणं उजेडाचं आहे. पण पानं गळून झाड अर्धं झाल्यावरही तेच लिटर चालू असेल, तर एव्हाना त्याच्याही मुळांशी चिखल झाला असेल. एसीचा वाटा आहे, पण तुमचा माणूस समजतो तेवढा नाही.

चूक झाली ती ११० कुंड्यांना एकच वार आणि एकच माप लावण्यात. झाड पाणी ओढतं ते उजेडाच्या हिशेबानं. उजेड कमी असला की पानांतून बाष्प कमी उडतं, मुळं कमी ओढतात आणि घातलेलं पाणी कुंडीतच बसून राहतं. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. मुळं सडलेलं झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून ते कोमेजलेलं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं तहानलंय, आणि तो आणखी पाणी घालतो. व्यवस्थापकांचा गैरसमज इथूनच झालाय आणि त्यात त्यांचा दोष नाही. तहानलेलं आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. फरक कळतो तो मातीत हात घातल्यावर.

तर आधी एक कुंडी उपसून बघा. आडव्या झालेल्यांपैकी एक स्नेक प्लांट घ्या, शोभेच्या कुंडीतून आतली प्लास्टिकची कुंडी वर उचला आणि बाहेरच्या कुंडीच्या तळाशी टॉर्च मारा. शोभेच्या कुंडीला भोक नसणार, त्यामुळे तिथे दोन-तीन बोटं पाणी साचलेलं असेल आणि त्याला गटारासारखा वास येत असेल. आता आतली कुंडी आडवी धरून कडेवर थापट्या मारा आणि मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. एक मूळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढा. जिवंत मूळ कडक असतं आणि हाताला काही लागत नाही. सडलेल्या मुळाची साल मोज्यासारखी सरकून हातात येते आणि मागे नुसता दोरा उरतो. व्यवस्थापकांना तिथेच बोलावून हे दाखवा. दहा मिनिटं समजावून सांगण्यापेक्षा तो दोरा जास्त काम करतो.

बुंधा मऊ पडलेला स्नेक प्लांट ग्राहकाच्या जागेत वाचवत बसू नका. वरची टणक पानं कापून, दोन-तीन दिवस सावलीत काप सुकू देऊन तुमच्या रोपवाटिकेत लावा, हवं तर. पानाचा खालचा-वरचा भाग उलटा होऊ देऊ नका, आणि पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर नवी रोपं बहुधा साधी हिरवी निघतात, हेही लक्षात ठेवा. इमारतीत नवी कुंडीच न्यावी लागेल.

कुंडी नवी असो वा जुनी, भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत आतली कुंडी तळावर टेकता कामा नये. उलटी बशी किंवा प्लास्टिकची जाळी घालून ती तीन ते पाच सेंटीमीटर वर उचला. दोन्ही कुंड्यांच्या मधल्या फटीत दोन सेंटीमीटर व्यासाचा पाइपाचा तुकडा तळापर्यंत उभा सोडा आणि त्याचं तोंड वरच्या शेवाळाच्या किंवा खड्यांच्या आच्छादनाखाली झाका. दर भेटीला त्यातून एक काडी खाली घालून बघायची. काडी ओली निघाली तर त्या कुंडीला त्या दिवशी पाणी नाही, आणि साचलेलं पाणी मोठ्या सिरिंजला नळी लावून किंवा छोट्या हातपंपानं ओढून काढायचं. जाता जाता एक: आतल्या कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातला की निचरा सुधारतो, ही समजूत चुकीची आहे. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही, ते थराच्या वरच थबकतं, आणि ओलाचिंब पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. खडी घालायची तर आतल्या कुंडीच्या बाहेर, तिच्याखाली.

आता पाणी कधी घालायचं ते. शेतीत वाफसा म्हणतात तीच अवस्था कुंडीत ओळखायची आहे: माती हाताला गार आणि किंचित ओलसर लागते, मुठीत दाबली तर पाणी सुटत नाही आणि बोटाला चिखल चिकटत नाही. पण ती पृष्ठभागावर नाही, खोलात बघायची. एसीच्या हवेत वरचं बोटभर दोन दिवसांत कोरडं पडतं आणि खाली मात्र चिखल असतो. मातीचा नमुना काढायची खाच असलेली पोकळ नळी मिळाली तर उत्तम. नाही तर रंग न दिलेली जाड लाकडी काडी कुंडीच्या दोनतृतीयांश खोलीपर्यंत, बुंधा आणि कडा यांच्या मधोमध खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. ओल कुठवर चढली ते काडीच्या रंगावरून कळतं. दोन टोकं मातीत घालायच्या स्वस्त ओलावामापकावर फार विसंबू नका. तो खरं तर मातीतून वीज किती वाहते ते मोजतो, त्यामुळे खताचे क्षार साठलेल्या कुंडीत कोरडी मातीसुद्धा ओली दाखवतो. तुमच्या कुंड्यांत तीन महिने पंधरवड्याला खत पडलंय, म्हणजे तो तुम्हाला हमखास फसवणार.

झीझी (जाड, चकचकीत पानांचं झीझी प्लांट) आणि स्नेक प्लांटला माती जवळजवळ तळापर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी. ड्रेसिना, ॲग्लोनिमा, फिलोडेन्ड्रॉन आणि मनी प्लांटला वरची अर्धी खोली कोरडी झाली की. पीस लिली आणि अरेकाला वरचा चतुर्थांश कोरडा झाल्यावर. खाली वाफसा टिकलेला हवा. द्याल तेव्हा मात्र पोटभर द्या. आतल्या कुंडीच्या आकारमानाच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे १० लिटरच्या कुंडीला एक ते दीड लिटर, आणि तेही दोन हप्त्यांत, मधे दहा मिनिटं थांबून. पूर्ण सुकलेलं कोकोपीट, म्हणजे कुंडीच्या मातीत मिसळलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, पहिलं पाणी धरत नाही. ते कडेच्या फटीतून थेट तळाला जातं आणि तुम्हाला वाटतं कुंडी भरली. तुमचं एक लिटर हे माप तसं वाईट नव्हतं, पण आठ इंची कुंडीत माती असते जेमतेम चार-पाच लिटर, आणि तिला आठवड्याला दोन लिटर मिळत होते.

अंदाज हवाच असेल तर असा: काचेजवळचं पानांनी भरलेलं फायकस पाच ते सात दिवसांनी, मध्यम उजेडातला ड्रेसिना दहा ते चौदा दिवसांनी, लिफ्टसमोरचा झीझी तीन-चार आठवड्यांनी. हा फक्त अंदाज आहे, शेवटचा शब्द काडीचा. सोमवार आणि गुरुवार हे भेटीचे वार राहू द्या, किंबहुना आठवड्याला एकच भेट पुरेल. भेट मात्र बघायला असते, आणि त्या दिवशी ११० पैकी ३०-३५ कुंड्यांनाच पाणी पडलं तर काम बरोबर चाललंय असं समजा.

दुसरं काम लक्समीटरचं, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्राचं; लक्स हे उजेडाचं माप. उजेडाच्या बाबतीत माणसाचा डोळा अगदी बेभरवशाचा; बाहुली लहानमोठी करून तो २०० आणि २००० लक्समधला फरक आपल्याला जाणवूच देत नाही. मोबाइलमधलं ॲप ढोबळ अंदाजापुरतं ठीक आहे, पण हे तुमचं पोटापाण्याचं काम आहे, तेव्हा साधा मीटर घ्या. पानांच्या उंचीवर, सेन्सरचं तोंड उजेडाकडे करून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रत्येक जागेचं माप घ्या. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की आकडा किती झपाट्यानं कोसळतो ते बघून चकित व्हाल; काचेला गडद फिल्म असेल तर खिडकीला खेटून असलेली जागासुद्धा फसवी निघते.

२५० लक्सच्या खाली कोणतंही झाड कायमचं ठेवू नये, मग ते कितीही चिवट असो. २५० ते ७५० मध्ये झीझी, स्नेक प्लांट, ॲग्लोनिमा आणि ॲस्पिडिस्ट्रा तग धरतात. वाढत नाहीत, तग धरतात, आणि हे ग्राहकाला आधीच सांगायचं असतं. ७५० पासून २००० पर्यंत ड्रेसिना, फिलोडेन्ड्रॉन, मनी प्लांट, पीस लिली. त्यापुढे फायकस, अरेका, क्रोटन. हे आकडे रोज दहा-बारा तास उजेड धरून आहेत. टेबलावर बसून काम करायला माणसाला ३०० ते ५०० लक्स पुरतात, म्हणजे माणसांसाठी केलेली रोषणाई झाडांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर थांबते. त्यात सुट्टीला दिवे बंद, आणि लिफ्टसमोर हालचाल टिपणारा सेन्सर असेल तर दिवसाचेही निम्मे तास अंधार. सेन्सरची चौकशी जरूर करा. व्यवस्थापक स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्याचा झाडांशी संबंध असेल असं त्यांच्या डोक्यातही येत नाही.

जागा अंधारी आहे आणि ग्राहकाला तिथे हिरवं हवंच आहे, तर दिवा लावायला सांगा. छतातून ३६ अंशांच्या झोताचा १०-१२ वॅटचा चांगला एलईडी दिवा झाडाच्या शेंड्यापासून दीड मीटरवर बसवला तर झोताच्या मध्यावर हजारच्या आसपास लक्स मिळतात. पांढरा, ४००० केल्विनचा साधा दिवा चालतो, जांभळ्या रंगाची गरज नाही. टायमरवर बारा तास. दर महिन्याला अंधारातली आणि उजेडातली झाडं आपापसात बदलायची युक्ती बरेच जण करतात. आम्हाला ती पटत नाही. पान एका उजेडाला सरावलं की तुम्ही ते दुसरीकडे नेता, आणि दोन्ही झाडं कायम अर्धवट राहतात.

फायकसकडे येऊ. ही जात, विशेषतः बारीक पानांची लोंबत्या फांद्यांची, उजेड बदलला की पानं टाकते. उन्हात वाढलेल्या झाडाची पानं जाड आणि भरपूर उजेडाच्या हिशेबानं बनलेली असतात. आत आणल्यावर ती स्वतःचाच खर्च भागवू शकत नाहीत आणि झाड ती सोडून देतं. म्हणून चांगला पुरवठादार झाड थेट उन्हातून देत नाही. लहान रोपं पाच ते दहा आठवडे आणि मोठी झाडं काही महिने सावलीच्या जाळीखाली ठेवून, पाणी-खत हळूहळू कमी करत सरावतो. पुढच्या खरेदीत पहिला प्रश्न हाच विचारा: किती आठवडे सावलीत होतं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा.

आत्ताच्या झाडाचं काय? फांदीची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. जागेचं माप २००० लक्सच्या वर असेल तर झाड जागचं हलवू नका, कुंडी फिरवू नका, खत देऊ नका, पाणी पान किती उरलं त्या प्रमाणात कमी करा आणि चार ते आठ आठवडे वाट बघा. तपकिरी आणि चुरचुरीत फांद्या तेवढ्या छाटा. माप ८०० च्या आसपास असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे मोठ्या पानांचा ड्रेसिना ठेवा आणि फायकस परत न्या. प्रवेशद्वार उघडझाप करत असेल तर बाहेरच्या हवेचा झोतही पानगळ करतो, हे बदलून ठेवलेल्या झाडालाही लागू आहे.

एसीच्या आरोपाची शहानिशा घरबसल्या होत नाही, पण सोपी आहे. टिश्यू पेपरची वीतभर पट्टी दोऱ्यानं झाडाच्या वरच्या पानांजवळ टांगा. ती सतत फडफडत असेल तर झोत थेट येतोय. कुंडी मीटर-दीड मीटर बाजूला घ्या किंवा झरोक्याची पाती वळवून घ्या. झोताचं नुकसान एकाच अंगाला दिसतं, झरोक्याकडची पानं करपलेली आणि पाठची ठणठणीत. सगळीकडून सारखं करपलेलं झाड एसीच्या झोतानं करपलेलं नसतं. ॲग्लोनिमाला मात्र थंडी खरोखर बाधते. १३-१४ अंशांच्या खाली पानांवर राखी, तेलकट डाग पडतात. त्याला झोतासमोर ठेवूच नका. पानांवर पाण्याचा फवारा मारून हवा दमट होत नाही, काही मिनिटांत ते उडून जातं, मागे पांढरे डाग आणि शेजारच्या संगणकाची काळजी तेवढी उरते.

ड्रेसिनाच्या टोकांमागे दोन कारणं संभवतात आणि दोन्ही बहुधा एकत्र आहेत. एक म्हणजे फ्लोराइड. ते पाण्याबरोबर चढून पानाच्या टोकाला साठतं, तिथून बाहेर पडायला वाट नसते, आणि टोक पिवळ्या काठासह तपकिरी होतं. ड्रेसिनाच्या पट्टेरी जाती आणि स्पायडर प्लांट या बाबतीत फार नाजूक. पाणी रात्रभर बादलीत ठेवल्यानं क्लोरीन उडतं, फ्लोराइड नाही. या कुंड्यांपुरतं आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा आणि त्यांच्या मातीत सुपर फॉस्फेट किंवा परलाइट नको, त्यांतही फ्लोराइड असतं. मातीचा सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास ठेवला तर मुळं ते कमी उचलतात. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातलं पाणी तर कुठल्याच कुंडीला नको, त्यात सोडियम असतो. एसीतून गळणारं पाणी फुकट मिळतं म्हणून घालण्याचा मोहही टाळा. त्यात खनिजं नसतात हे खरं, पण कॉइल धुतल्याची रसायनं आणि तांब्याचे अंश असू शकतात.

दुसरं कारण खताचे क्षार. कुंडीच्या आतल्या कडेवर पांढरी खरबरीत रेघ दिसली की समजा. अशी कुंडी मोरीत नेऊन तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी, तीन-चार वेळा विभागून, सावकाश वरून ओता आणि पूर्ण निथळू द्या. हे वर्षातून दोनदा. खत आता चार महिने बंद. नंतर ७५० लक्सच्या वरच्या कुंड्यांना, तेही नवी पालवी दिसत असेल तरच, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भाग, अडीच-तीन महिन्यांतून एकदा. त्याखालच्या उजेडातल्या कुंड्यांना वर्षात एक-दोनदा पुरे. खत म्हणजे औषध नव्हे, आजारी झाडाला ते देऊ नये.

करपलेली टोकं कात्रीनं कापता येतात, पण सरळ आडवी कापू नका. पानाच्या निमुळत्या आकाराला धरून दोन्ही बाजूंनी तिरपी कापा आणि तपकिरीची केसाएवढी रेघ शिल्लक ठेवा. हिरव्यात कात्री गेली की आठवड्यात नवी तपकिरी कड येते.

चिलटांना मारण्याआधी त्यांचं घर कोरडं करा. त्यांच्या अळ्या कायम ओल्या राहणाऱ्या वरच्या पाच-सात सेंटीमीटर मातीत वाढतात. शेवाळाचं आच्छादन महिनाभर काढून ठेवा आणि वरचा थर सुकू द्या. कुठल्या कुंडीत अळ्या आहेत ते कळत नसेल तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दोन दिवस ठेवून उलटून बघा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या खालून चिकटलेल्या दिसतील. त्या कुंड्यांना पुढची तीन पाणी बीटीआय या जिवाणूयुक्त औषधाची, आठ-आठ दिवसांनी. पिवळे चिकट सापळे मातीलगत आडवे ठेवा, पण ते उडणारी चिलटं पकडतात, अळ्यांना त्यांचा उपयोग नाही. सापळ्यांचं खरं काम मोजणीचं. आठवड्याची संख्या वहीत लिहा. अंड्यापासून चिलटापर्यंत तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत संख्या फारशी हलली नाही तरी घाबरू नका आणि ग्राहकाला तसं आधीच सांगा. बैठकीच्या खोलीत लोक उरलेला चहा-कॉफी कुंडीत ओततात, तेही बघा. साखर आणि दूध पडलेल्या मातीत बुरशी वाढते आणि चिलटं पुन्हा येतात.

पानं पुसता हे चांगलं, पण कशी पुसता? एकच फडकं चारही मजले फिरत असेल तर कीड तुम्हीच वाटताय. मजल्याला वेगळं मायक्रोफायबर फडकं, कोमट पाण्यात ओलं करून, खालून तळहाताचा आधार देऊन, देठाकडून टोकाकडे. पानं चमकवणारे तेलकट फवारे नकोत, त्यावर धूळ जास्त बसते. संशयित कुंडी सगळ्यात शेवटी. पुसताना पानाची खालची बाजू आणि देठाच्या बेचक्या बघायच्याच. पान निस्तेज आणि सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके असतील तर त्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालायला लागले तर लाल कोळी. कोरड्या, उबदार हवेत त्याची एक पिढी आठवड्याभरात होते, म्हणून एका धुण्यानं तो जात नाही. पाच-सात दिवसांनी तीनदा पानं दोन्ही बाजूंनी धुऊन, लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण यांची फवारणी करावी लागते. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं एकेक टिपा, फवारू मात्र नका, ते पेट घेतं. जमीन कुंडीभोवती चिकट लागत असेल तर वर कुठेतरी खवले कीड किंवा पिठ्या आहेच.

फवारणी काम चालू असलेल्या मजल्यावर करायची नाही. कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सामानाच्या लिफ्टनं मोरीत न्या. बारीक फवाऱ्यानं धुराचे सेन्सर वाजतात, आणि एकदा सगळी इमारत खाली उतरली की तुमचं काम कुठल्याही चिलटाशिवाय जातं.

व्यवस्थापकांशी बोलताना वही घेऊन जा. प्रत्येक कुंडीला क्रमांक, त्यापुढे जात, आतल्या कुंडीचा व्यास, तीन वेळचे लक्स, आणि मग भेटीगणिक एक अक्षर: को म्हणजे कोरडं, वा म्हणजे वाफसा, ओ म्हणजे ओलं, दिलेलं पाणी मिलिलिटरमध्ये. चार आठवड्यांत प्रत्येक कुंडीची स्वतःची चाल दिसायला लागते आणि नवा माणूस आला तरी काम अडत नाही. वेळेचा हिशेबही नव्यानं करा. तपासणं, पाणी, पुसणं धरून कुंडीला सरासरी तीन मिनिटं, म्हणजे ११० कुंड्यांना साडेपाच तास. तुमचा माणूस हे दोन तासांत उरकत असेल तर तो झारी घेऊन नुसता धावतोय.

करारात दोन गोष्टी घालून घ्या. पाणी फक्त तुमचा माणूस घालेल. पहारेकरी, सफाईवाले आणि हौशी कर्मचारी यांच्यासाठी प्रत्येक कुंडीत छोटी पाटी. आणि दिव्यांचे तास बदलले, कुंडी कुणी हलवली किंवा एसीचं तापमान बदललं तर झाड मोफत बदलून देण्याची हमी त्या जागेपुरती लागू नाही. बाकी मेलेलं झाड आठवड्यात बदलायचं, त्यासाठी कुंड्यांच्या दहा टक्के तरी सरावलेली झाडं राखीव ठेवा. आणि तुमच्या पत्रकात झाडं कार्यालयाची हवा शुद्ध करतात असं काही लिहिलं असेल तर काढून टाका. तो समज नासाच्या १९८९ च्या बंद पेटीतल्या प्रयोगांवरून पसरला; २०१९ मध्ये अशा प्रयोगांच्या आकड्यांचा फेरहिशेब झाला तेव्हा इमारतीत एरवी होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. झाडं डोळ्यांना बरी वाटतात, तेवढं कारण पुरेसं आहे.

या आठवड्यापुरतं: पाणी बंद, ११० कुंड्या उचलून तळाचं पाणी काढा, काडी घालून पहिली को-वा-ओ नोंद करा. लिफ्टसमोर लक्स मोजल्याशिवाय नवी झाडं नेऊ नका. माप २५० च्या वर आलं तर झीझी ठेवा, आणि त्याला पहिलं पाणी लावल्या दिवशी नाही, तर काडी तळापर्यंत कोरडी निघेल त्या दिवशी.